माल कुठे टेकतो?

ट्रेलरसाठी चौकशीचा फोन येतो तेव्हा त्यात बहुधा तीनच गोष्टी असतात: चाळीस फुटी, तीन अ‍ॅक्सल, पंचावन्न टन पासिंग. त्यानंतरचा प्रश्न थेट किमतीचा. भोसरीला ट्रेलर बांधणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये मी काही वर्षं हे फोन घेतले. आता कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये गाड्या चालवणाऱ्या एका वाहतूक कंपनीत ट्रेलरची खरेदी आणि देखभाल बघतो, म्हणजे तसलेच फोन करणं माझ्याकडे आलं आहे. दोन्ही बाजूंना बसून माझं एक मत पक्कं झालं. वजन किती हा ट्रेलरच्या बाबतीतला दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा, की माल डेकवर कुठे टेकतो आणि किती जागेत टेकतो.

पंचावन्न टन हा आकडा कुठून येतो तेही बघायला हवं. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने अ‍ॅक्सलवरच्या वजनाच्या मर्यादा वाढवल्या. घोड्याच्या (म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या गाडीच्या) पुढच्या अ‍ॅक्सलला ६ टनांचे ७ झाले, त्याच्या मागच्या जोड-अ‍ॅक्सलला १९ चे २१ झाले आणि ट्रेलरच्या तिहेरी अ‍ॅक्सलला २४ चे २७. आधीची बेरीज ४९ होती, ती ५५ झाली. घोडा मागे एकाच अ‍ॅक्सलचा असेल तर ७, साडेअकरा आणि २७ मिळून साडेपंचेचाळीस. धंद्यात सगळ्यांच्या तोंडी ही शेवटची बेरीज असते, पण मर्यादा बेरजेला आहे तशी प्रत्येक अ‍ॅक्सल-गटालाही आहे. डांबराला तर एकूण टन कळतच नाहीत, त्याच्यावर येतो तो एकेका चाकाचा भार. शिवाय २४ टनांच्या हिशेबाने बांधलेल्या जुन्या सांगाड्यावर ‘आता तीन टन जास्त चालतात’ म्हणून माल चढवणारे मी पाहिले आहेत. राजपत्रातला आकडा बदलला तरी गर्डरच्या पत्र्याची जाडी होती तेवढीच राहते.

आमचा बराच माल पोलादाचा. डोलवीहून निघालेल्या पत्र्याच्या कॉइल पेण, खोपोली, खंडाळा करत चाकण-तळेगावला जातात. कधी जाड प्लेटा, कधी लांब बीम, कधी न्हावाशेव्याहून कंटेनर. मालकाच्या दृष्टीने हा सगळा ‘अडतीस टन माल’. गर्डरच्या दृष्टीने या वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

कॉइलचंच घ्या. २५ टनांची एक कॉइल डेकच्या जेमतेम दीड मीटर लांबीवर बसते. किंगपिनपासून, म्हणजे ट्रेलर घोड्याला जोडणाऱ्या पुढच्या खिळीपासून, मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत नऊ मीटरचा गर्डर धरला आणि कॉइल मधोमध ठेवली, तर त्या गर्डरला वाकवणारा जोर सुमारे ५२ टन-मीटर येतो. त्याच नऊ मीटरवर ३८ टनांच्या प्लेटा सारख्या पसरल्या तर तोच जोर ४३ टन-मीटरच्या आसपास राहतो. म्हणजे १३ टन कमी असूनही कॉइल ट्रेलरला जास्त वाकवते. हा हिशेब डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षातला आहे, कागदाच्या पाठीवर मावतो. तरीही चौकशीच्या पत्रात ‘कॉइल’ हा शब्द क्वचित दिसतो. ‘५५ टन’ मात्र प्रत्येक वेळी ठळक अक्षरांत.

याच्यापुढचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: तिन्ही अ‍ॅक्सल किंगपिनपासून किती मागे बसवायचे? छापील पत्रकात हा आकडा कोपऱ्यातल्या आकृतीत बारीक अक्षरांत असतो. त्यावरून भाव ठरत नाही, म्हणून तिकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही.

ढोबळ आकडे घेऊन बघू. घोडा ९ टनांचा, ट्रेलर ८ टनांचा, म्हणजे ५५ मध्ये माल ३८ टन बसतो. ट्रेलरच्या स्वतःच्या वजनातले साडेपाच टन मागच्या अ‍ॅक्सलवर येतात असं धरू. २७ मधून ते गेले की मालासाठी साडेएकवीस उरतात. डेक १२.२ मीटर लांब, किंगपिन पुढच्या कडेपासून ०.९ मीटर आत. मग डेकचा मध्य किंगपिनपासून ५.२ मीटरवर पडतो. आता अ‍ॅक्सलचा मध्य किंगपिनपासून ८ मीटरवर ठेवला आणि माल डेकभर सारखा पसरला, तर मालाचे जवळजवळ पावणेपंचवीस टन मागे जातात. ट्रेलरचं वजन मिळवून ३० टनांच्या वर. एकूण वजन कायद्यात बसतं, काट्याची पावती स्वच्छ मिळते, आणि मागचे अ‍ॅक्सल मात्र मर्यादेपेक्षा तीन टन जास्त ओढत राहतात. टायर लवकर जातात, हब तापतात, पाटे बसतात. मालक म्हणतो टायर कंपनी खराब, फिटर म्हणतो बेअरिंग खराब.

तेच अ‍ॅक्सल ९.२ मीटरवर नेले की हिशेब बरोबर जुळतो. मागे २७, घोड्यावर २८, आणि त्यातले ७ पुढे, २१ मागे. मग सगळे ट्रेलर असेच का बांधू नयेत? कारण रस्ता सरळ नाही.

आमच्याकडे पाथर्डीकडचे एक जुने ड्रायव्हर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. नवीन ट्रेलरचा नकाशा टेबलावर आला की मी त्यांना बोलावतो. नकाशातल्या रेषा त्यांना वाचता येतात असा त्यांचा दावा नाही, पण मागची चाकं कुठे आहेत ते बोट ठेवून दाखवलं की ते लगेच सांगतात. एकदा ते म्हणाले, “साहेब, एवढं मागं नेलं तर खंडाळ्याला निभंल. पण कुंभार्लीत समोरून एसटी आली तर मी गाडी कुठं घालू? मागची चाकं सरळ डोंगरावर चढत्याल.” त्यांचं म्हणणं मी कागदावर मांडून पाहिलं. किंगपिन १५ मीटर त्रिज्येच्या वळणावर फिरत असेल, तर ८ मीटरच्या ट्रेलरची मागची चाकं सुमारे २.३ मीटर आतून जातात, ९.२ मीटरच्या ट्रेलरची ३.१ मीटरहून जास्त. फरक ऐंशी-पंच्याऐंशी सेंटिमीटरचा. चिपळूणहून कराडकडे येणाऱ्या त्या घाटरस्त्यावर एवढ्या जागेत समोरची गाडी सुखरूप जाते किंवा अडकते. हे मामांना बोटाने कळलं होतं, मला त्यासाठी वर्गमूळ काढावं लागलं.

आणि इथेच कॉइल आणि प्लेटा यांची वाट वेगळी होते. प्लेटा, बीम, चाळीस फुटी कंटेनर यांचा मध्य डेकच्या मध्याशीच येणार, तो पुढे सरकवता येत नाही. त्यांना लांब मापाचाच ट्रेलर हवा. कॉइल मात्र कुठे ठेवायची ते आपल्या हातात असतं. अ‍ॅक्सल ८ मीटरवर असेल आणि कॉइलच्या वजनांचा एकत्रित मध्य किंगपिनपासून साडेचार मीटरवर आणला, तर मागे जवळजवळ साडेएकवीस टन जातात आणि गाडी घाटात वळतेही. म्हणून कॉइलच्या ट्रेलरला मी डेकमध्ये खाचा ठरलेल्या जागी करून मागतो. क्रेनवाला घाईत असला तरी कॉइल त्या खाचेतच बसते, अर्धा मीटर मागे ठेवायला जागाच उरत नाही. तो अर्धा मीटर मागच्या अ‍ॅक्सलवर जवळपास अडीच टन जास्त आणतो.

खाचेचं दुसरं कारण मला याहून मोठं वाटतं. ब्रेक जोरात लागला की माल पुढे जायला बघतो. युरोपात माल बांधण्याचं जे मानक आहे त्यात पुढच्या दिशेने वजनाच्या ०.८ पट जोर धरतात. २५ टनांच्या कॉइलला तो २० टन झाला. डेकच्या पुढच्या टोकाला उभी केलेली जाळी एवढा जोर अडवत नाही, आणि जाळीच्या पुढे केबिन आहे, केबिनमध्ये माणसं आहेत. पोलादावर पोलाद ठेवलं की घर्षण कमीच, त्यात पावसाचं पाणी किंवा तेलाचा पापुद्रा असला तर आणखी कमी. कॉइलखाली रबरी चटई, दोन्ही बाजूंना पक्के गुटके, खाचेच्या तिरप्या भिंती आणि आरपार साखळ्या, यातलं काहीही वैकल्पिक मानायला मी तयार नाही. साखळी अडकवायच्या कड्या मी गर्डरलाच वेल्ड करून मागतो. बाजूच्या पातळ पट्टीला लावलेल्या कड्या दिसायला नेटक्या असतात, पण जोर आला की पट्टीसकट उपटून येतात. खर्च कमी करायची वेळ आली की सगळ्यात आधी कड्यांची संख्या कमी होते, आणि त्या वेळी मी भांडतो. या एका गोष्टीवर मी मऊ होत नाही.

आता पोलादाच्या ग्रेडबद्दल. आयएस २०६२ मधलं ई२५० हे आपलं साधं पोलाद. त्याहून वर ई३५०, ई४५०. हे आकडे पोलाद कायमचं वाकायला लागतं त्या ताणाचे, मेगापास्कलमध्ये. वरच्या ग्रेडचा पत्रा पातळ घेता येतो, ट्रेलर टन-दीड टनाने हलका होतो आणि तेवढा माल प्रत्येक फेरीला जास्त जातो. विक्रेता हा हिशेब चोख मांडतो आणि तो खराही आहे. दोन गोष्टी मात्र त्या हिशेबात येत नाहीत.

एक, ग्रेड वाढला की ताकद वाढते, ताठपणा वाढत नाही. पोलाद कुठल्याही ग्रेडचं घ्या, ते ताणाखाली लांबतं जवळपास सारखंच. त्यामुळे पातळ पत्र्याचा गर्डर तुटत नाही, पण जास्त लवतो. रिकाम्या ट्रेलरचा गर्डर मधे किंचित वर उचललेला ठेवतात तो याचसाठी, म्हणजे माल चढल्यावर तो सपाट होतो. हलका ट्रेलर घ्यायचा तर गर्डरची उंची वाढवली पाहिजे, नुसता पत्रा पातळ करून भागत नाही.

दुसरी गोष्ट वेल्डिंगची. ट्रेलरच्या मानेपाशी, जिथे खोल गर्डर घोड्यावर टेकण्यासाठी एकदम उथळ होतो, तिथे चिरा पडतात. प्रत्येक खड्ड्यागणिक तिथला ताण वर-खाली होतो, आणि वेल्डच्या कडेला सुरू झालेली केसाएवढी चीर महिन्यागणिक सरकत जाते. या थकव्यापुढे वरच्या ग्रेडचा उपयोग होत नाही. ई४५० चा वेल्डसुद्धा ई२५० च्या वेल्डइतकाच थकतो. उलट पत्रा पातळ केला म्हणून ताण वाढलेला असतो, म्हणजे चीर लवकर येते. भोसरीला आमच्या वर्कशॉपमध्ये दुरुस्तीला येणारे ट्रेलर बहुतेक मानेतच फाटलेले असायचे, आणि त्यातल्या बऱ्याचशांना वाटेत कुठल्यातरी गॅरेजमध्ये वरून पट्टी मारलेली असायची. पट्टी जिथे संपते तिथे नवी चीर. म्हणून मी नकाशात सगळ्यांत आधी मान बघतो. खोली कमी होताना वळण किती सैल आहे, खालची फ्लँज अखंड वळवली आहे की तिथे तुकडा जोडला आहे, वेल्ड सब-मर्ज्ड आर्कने केला आहे की हाताने. पुढच्या अर्ध्या भागाला ई३५० आणि तोही जरा जाड, हे मला पटतं. ई४५० मी मागतो तो कंटेनरच्या सांगाड्याला, कारण कंटेनर चारही कोपऱ्यांवर टेकतो, त्याचा भार कुठे येणार हे आधीच माहीत असतं.

सस्पेन्शनवर मी फार वेळ घालवत नाही. आमच्या रस्त्यांवर इक्वलायझरसह कमानपाटे पुरतात. पाटा तुटला तर कराडला किंवा नेवाशाला कुणीही बदलून देतो, आणि इक्वलायझर चांगला असला की तिन्ही अ‍ॅक्सल भार वाटून घेतात. खाणीत किंवा कच्च्या रस्त्यावर जायचं तर बोगी. एअर सस्पेन्शन नाजूक यंत्रं नेणाऱ्यांनी जरूर घ्यावं. त्यात हवेच्या दाबावरून वजन कळतं, रिकाम्या गाडीचा एक अ‍ॅक्सल उचलता येतो. मात्र एक तपासणी मी सक्तीची केली आहे. घोड्याच्या फिफ्थ व्हीलची उंची आणि ट्रेलरच्या किंगपिनची उंची जुळते का? वेगवेगळ्या कंपन्यांच्या घोड्यांत ती वेगळी असते. ट्रेलर नाक वर करून चालला की मागच्या अ‍ॅक्सलवर भार सरकतो आणि इक्वलायझरला तो पुरता सावरता येत नाही.

टायरचं गणित सोपं आहे. १०.०० आर २० या मापाचा नेहमीचा टायर जोडीत २,७२५ किलो पेलतो, चार मिळून एका अ‍ॅक्सलला १०.९ टन. कायद्याचे ९ टन त्यात आरामात बसतात. तेवढी सवड ठेवूनच टायर घ्यावेत, कारण जोडीतल्या आतल्या टायरची हवा कमी झाली तरी ती दिसत नाही. मामा प्रत्येक थांब्यावर हातोडीने टायर वाजवतात आणि नव्या पोरांनाही तेच करायला लावतात. एबीएस बंधनकारक झालं हे चांगलं झालं, पण त्याची वायर घोडा जोडताना जोडली तरच ते चालतं. म्हणून सॉकेट मी अशा जागी मागतो, जिथे ड्रायव्हरचा हात चिखलात न वाकता पोचेल. असल्या बारीकसारीक जागा नकाशात नसतात. त्या मागून घ्याव्या लागतात.

पंचावन्न टनांच्या पुढे जग बदलतं. तिथे हायड्रॉलिक मॉड्युलर ट्रेलर येतात, एका ओळीत दोन अ‍ॅक्सल, आठ टायर, प्रत्येक ओळीला कायद्याने १८ टन. माल जेवढा जड तेवढ्या ओळी जोडत जायच्या. प्रत्येक अ‍ॅक्सलच्या सिलिंडरमधलं तेल एकमेकांशी जोडलेलं असतं, त्यामुळे खड्डा आला तरी भार सारखा राहतो. आपल्या पुलांच्या मानकात अशा वीस ओळींच्या, घोड्यासकट ३८५ टनांच्या वाहनाचा वेगळा विचार केलेला आहे: ताशी ५ किलोमीटरने, पुलाच्या मधोमध, दुसरं कुठलंही वाहन नसताना. इस्रोच्या तिरुवनंतपुरमच्या केंद्रासाठी महाराष्ट्रातून जुलै २०१९ मध्ये निघालेला सुमारे ७० टनांचा ऑटोक्लेव्ह ७४ चाकांच्या गाडीवरून जुलै २०२० मध्ये पोचला. वाटेत तारा उचलाव्या लागल्या, झाडांच्या फांद्या छाटाव्या लागल्या. वजन म्हणाल तर ७० टन या धंद्यात फार नाहीत. जवळपास साडेसात मीटर उंचीच्या त्या वस्तूला रस्ता सापडणं हे खरं काम होतं. मला त्या गाडीबद्दल वाचताना पुन्हा तेच जाणवलं, की वाहनाचं माप रस्त्यावरून आणि मालाच्या आकारावरून निघतं.

यंदा आम्हाला नवे ट्रेलर घ्यायचे होते तेव्हा शेठ म्हणाले, “सगळ्याला चालेल असा एकच नमुना घ्या, सुटे भाग सारखे राहतील.” त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. अ‍ॅक्सल, हब, ब्रेक चेंबर, टायर हे सगळं सारखं ठेवता येतं आणि मी तसंच ठेवलं. सांगाडे मात्र दोन मागितले. कॉइलसाठी आखूड मापाचा, ठरलेल्या जागी खाचा असलेला, जाड मानेचा. प्लेटा आणि कंटेनरसाठी लांब मापाचा, हलका, खोल गर्डरचा. शेठनी विचारलं की कॉइलच्या हंगामात लांबवाले रिकामे उभे राहतील त्याचं काय. मी त्यांच्यासमोर गेल्या काळातल्या टायरच्या पावत्या आणि मानेच्या दुरुस्तीची बिलं ठेवली, आणि कुठल्या गाडीने कुठला माल नेला होता ते शेजारी लिहिलं. शेठनी ते दोन-तीनदा वाचलं आणि दोन्ही नमुन्यांना हो म्हणाले.

लांब ट्रेलरच्या तिसऱ्या अ‍ॅक्सलचा प्रश्न अजून बाकी आहे. तो आपोआप वळणारा घेतला तर घाटात टायर घासणं कमी होईल, वळणात जागाही थोडी वाचेल. पण तो महाग आहे, रिव्हर्स घेताना लॉक करावा लागतो आणि चिखलात त्याचे जोड लवकर झिजतात. बांधणाऱ्याने एकच ट्रेलर तसा करून द्यायची तयारी दाखवली आहे. मामांनी तो प्लेटा भरून कुंभार्लीतून दोन्ही बाजूंनी नेऊन आणायचा, पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यात एकदा, आणि मग बाकीच्यांची ऑर्डर द्यायची असं ठरलं आहे.